उताराची जागा

आमच्या अंगणातून खळ्याकडे जाणारी वाट थोडी उतरती आहे. त्या वाटेच्या तोंडाशी, आंब्याच्या बुंध्याला लागून, गेली तीसेक वर्षे आमचा ट्रॅक्टर उभा राहत आला आहे. शेजारी चांगली सपाट, चोपून केलेली जागा मोकळी असताना तो असा नाक खाली करून, मागल्या चाकाखाली दगड घेऊन का उभा, असे नवा पाहुणा हमखास विचारतो. "त्याला तिथंच आवडतं," असे आमचे ठरलेले उत्तर. खरे कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी केव्हा दगा देईल याचा नेम नसे; आणि उतारावर उभा असला म्हणजे दगड काढावा, गिअर टाकावा, गाडी जराशी धावू लागली की क्लच सोडावा. एक हिसका बसतो आणि इंजिन बोलू लागते.

डिझेलच्या इंजिनाला ठिणगीची गरज नसते. हवा इतकी दाबली जाते, की त्या दाबानेच ती तापते आणि डिझेल आपले आपण पेट घेते. बॅटरी लागते ती इंजिनाला पहिला धक्का देण्यापुरती आणि दिव्यांपुरती. तेव्हा ज्याच्याजवळ उतार आहे, त्याला बॅटरी नसली तरी चालते. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, या एका सत्यावर सारी वर्षे काढली. आजार बरा करण्यापेक्षा त्याच्याशी जमवून घेणे हा आमच्या घराण्याचा जुना गुण आहे.

आमचे गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. शहापूरला जायचे तर भातसा ओलांडावी लागते, मुरबाडला जायचे तर काळू. पाऊस इथे असा पडतो, की चार महिने घराबाहेर कापड वाळत नाही. आणि चैत्र लागला, की याच शहापूर तालुक्यात पाण्याचे टँकर फिरू लागतात. १८९२ साली बांधून झालेले तानसा धरण आमच्या तालुक्यात आहे, भातसाही आमचीच. पण ते पाणी नळांतून मुंबईला जाते. भरायचे इथे आणि रिते व्हायचे दुसऱ्यासाठी, हा या भागाचा स्वभावच झाला आहे. पुढे बॅटरीची हकीकत कळली, तेव्हा मला याची आठवण झाली.

मी आयुष्यभर कल्याणला मास्तरकी केली. निवृत्त होऊन गावी आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी दादा गेले, आणि पाच एकर भात, दोन बैल आणि हा ट्रॅक्टर माझ्या गळ्यात पडला. ट्रॅक्टर दादांनी माळशेज घाटापलीकडून, जुनाच, विकत आणला होता. तो घाट उतरून आला त्या दिवशी म्हशाच्या जत्रेहून परतणारी माणसे बैलांसह रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहत होती, असे वहिनी सांगतात. आपल्या देशात ट्रॅक्टर बनू लागले ते १९५९ साली, फरिदाबादेस. मुंबईला महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल कंपनीशी भागी करून ते काम आरंभले. आमचा ट्रॅक्टर त्या पहिल्या पिढ्यांच्या घडणीचा. त्याच्यावर आजच्यासारखा आल्टर्नेटर नाही. इंजिनाच्या कुशीला पट्ट्यावर फिरणारा, नारळाएवढ्या जाडीचा, लांबट डायनॅमो आहे.

मला ट्रॅक्टर चालवता येत नाही. चालवायला पलीकडच्या ठाकूरवाडीतला एक मुलगा येई. वय विसाच्या आतबाहेर, बोलणे अगदी बेताचे. दादांनीच त्याला हाताखाली घेऊन शिकवले होते. तो दादांप्रमाणे संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर लावी, चाकाखाली दगड सारी आणि निघण्यापूर्वी बॉनेटच्या बाजूने आत हात घालून उगीचच काही चाचपडून पाही. म्हाताऱ्या जनावराच्या कपाळाला हात लावावा, तसे मला ते वाटे.

मागल्या वर्षीच्या आषाढाची गोष्ट. लावणीला, आमच्याकडे तिला आवणी म्हणतात, जोर आला होता. पावसाने चार दिवस उघडीप दिली नव्हती. खाचरात पाणी उभे होते, रोप हातभर झाले होते, आणि लावणीला सांगितलेल्या बायका बांधावर बसून चिखलणीची वाट पाहत होत्या. या दिवसांत दोन दिवस उशीर झाला, तर त्याची भरपाई सबंध वर्षात होत नाही. ट्रॅक्टरला लोखंडी चाके चढवली होती; ती घालून अंगणातला उतार धावून उतरणे शक्य नव्हते, म्हणून तो खाली खाचराजवळच उभा ठेवला होता. सकाळी मुलाने चावी फिरवली, आणि आतून फक्त 'टक' एवढाच आवाज आला.

बॅटरी नवी होती. तिच्या आधीचीही फार जुनी नव्हती. तालुक्याच्या गावाहून गॅरेजवाल्या पोराला बोलावले. त्याने बॉनेट धाडकन उघडले, इकडे तिकडे पाहिले आणि निदान केले, "रात्री लाईट चालू राहिली असणार. दुसरं काय?"

मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "लाईट मीच बंद केली व्हती गुरुजी."

"मग बॅटरी आपोआप उतरली?"

तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "रातीला डायनॅमो गरम लागतो. जेवून आलो तवा इंजिन गार झालं व्हतं, पन डायनॅमो गरम व्हता."

"इंजिनाला चिकटून आहे तो. गरम लागणारच," मी म्हणालो, आणि वर, मास्तराच्या सवयीने, "चूक झाली तर झाली म्हणावं, सबबी सांगू नयेत," हेही ऐकवले.

त्या दिवशी बैल जुंपले. दोन दिवसांचे काम सहा दिवस चालले. रोप पिवळे पडू लागले होते. महिनाअखेर हिशेब करताना मी बॅटरीची अर्धी किंमत त्याच्या मजुरीतून कापली. अर्धी कापली, सगळी नाही, याचे मला तेव्हा समाधान वाटले होते, हे इथे लिहून ठेवले पाहिजे. त्याने उरलेले पैसे घेतले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

बॅटरी मात्र उतरतच राहिली. आता चालवायला पुतण्या येई. तो दिवे बंद करी, मी स्वतः बॅटरीच्या उजेडात जाऊन खात्री करून येई. तरी आठवड्यातून एखादी सकाळ अशी उगवे, की चावीला 'टक'. सगळ्याच सकाळी नाही, एखादीच. एखादा मुलगा सहा दिवस गुणी आणि सातव्या दिवशी द्वाड निघावा, तसा हा प्रकार होता. माझ्या मनात काय आले असेल ते वाचकांना सांगायला नको. पण मनात आलेली गोष्ट मी तशीच मनात राहू दिली. भात कापून झाले, भाऱ्यांची उडवी खळ्यावर लागली, आणि मळणीच्या तोंडावर पुन्हा तेच झाले, तेव्हा मी मुरबाडला जाऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो.

मिस्त्री आले ते एका पिशवीत मावेल एवढे सामान घेऊन. त्यांनी पहिल्या तासात पान्याला हात लावला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. बॅटरी कोणत्या वेळी उतरते? कामाच्या मध्ये बंद करून पुन्हा चालू केली तर लागते का? किती दिवसांनी? आदल्या दिवशी काम हलके होते की जड? मी चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारले, पण माझ्या प्रश्नांची उत्तरे मला आधीच ठाऊक असत. मिस्त्रींचे प्रश्न तसे नव्हते.

मग त्यांनी पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. अर्ध्या-पाऊण इंचाने दबला, ठीक. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढुरके-हिरवे क्षार आले होते, ते गरम पाण्याने धुतले. मग एक काचेची नळी काढली, तिला वर रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा. बॅटरीच्या सहा घरांतले तेजाबाचे पाणी त्यांनी एकामागून एक ओढून पाहिले. भरलेल्या बॅटरीचे पाणी साध्या पाण्याच्या सव्वापटीहून थोडे अधिक जड असते. बॅटरी उतरली की तेजाब शिशाच्या पत्र्यांत शिरते आणि पाणी हलके होते. साही घरांत काटा सारखाच खाली बसला.

"बॅटरी आजारी नाही गुरुजी," ते म्हणाले. "आजारी असती तर एखादं घर जास्त उतरलं असतं. ही उपाशी आहे."

म्हणजे मी फेकलेल्या बॅटऱ्याही, कोण जाणे, उपाशीच असतील.

बॅटरी मुरबाडला नेऊन रात्रभर चार्ज केली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आधी बॉनेटच उतरवून बाजूला ठेवले. इंजिन चालू करून अर्धा तास चालवले, बंद केले, सारे दिवे बंद आहेत हे मला पाहायला लावले, आणि मग बॅटरीची जमिनीची तार, म्हणजे जी ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेली असते ती, सोडवून खुंटीला हलकेच टेकवली. काही झाले नाही. पुन्हा इंजिन, पुन्हा अर्धा तास, पुन्हा तार. काही नाही. वहिनींनी चहा आणला. तिसऱ्यांदा तार टेकवली, आणि चट् अशी निळसर ठिणगी उडाली.

"सगळं बंद आहे ना? मग ही वीज चालली कुठं?"

त्यांनी आता एकेक वाट बंद करायला सुरुवात केली. पहिल्याने दिव्यांची तार सोडली. तार खुंटीला टेकवली, ठिणगी तशीच. "दिवे नाहीत," मिस्त्री म्हणाले, आणि दुसऱ्या तारेकडे वळले. त्यांच्या दृष्टीने तो एक साधा पडताळा होता. मी मात्र तिथेच अडकलो. दिवे नाहीत. आषाढात मी ज्यावरून एका माणसाचे पैसे कापले, तो मुद्दा एका पान्याच्या फेऱ्यात निकालात निघाला होता.

हॉर्नची तार सोडली, ठिणगी होतीच. मग डायनॅमोकडून येणारी जाड तार, ती जिथे एका काळ्या चौकोनी पेटीला जोडली होती तिथून, सोडली. ठिणगी थांबली. मिस्त्रींनी तार परत लावली, माझा हात धरला आणि डायनॅमोवर ठेवला. एव्हाना इंजिन निवत आले होते. डायनॅमो गरम होता.

त्या काळ्या पेटीचे झाकण काढून त्यांनी मला सारे समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. तारेच्या वेटोळ्यात चुंबक फिरवला की वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. डायनॅमो हेच काम करतो. मात्र त्याच्यात कायमचा चुंबक नसतो. त्याच्या लोखंडात मागल्या चुंबकत्वाची किंचित आठवण उरलेली असते. तेवढ्यावर थोडी वीज निर्माण होते, ती वीज चुंबक बळकट करते, बळकट चुंबक आणखी वीज देतो. १८६६-६७ च्या सुमारास सीमेन्स, व्हीटस्टन, व्हार्ली अशा दोघा-तिघांच्या ध्यानात हे एकाच वेळी आले. परंतु डायनॅमोचा एक विचित्र धर्म आहे: फिरवला तर तो वीज देतो, आणि त्याला वीज दिली तर तो फिरू पाहतो. इंजिन चालू असताना तो बॅटरी भरतो. इंजिन थांबल्यावर त्याची वाट उघडी राहिली, तर बॅटरी उलट त्यालाच फिरवू पाहते. पट्ट्याने तो इंजिनाला बांधलेला. फिरता येत नाही. नुसता तापतो, आणि सकाळपर्यंत बॅटरी पिऊन टाकतो.

ही वाट वेळेवर उघडायची आणि मिटायची म्हणून त्या पेटीत कटआउट नावाची एक चिमुकली पहारेकरीण असते. डायनॅमोचा दाब तेरा व्होल्टच्या आसपास गेला की तिचे दोन पॉइंट एकमेकांना भेटतात, आणि इंजिन मंदावले की स्प्रिंग त्यांना दूर करते. आमच्या पेटीतले पॉइंट जळून खडबडीत झाले होते आणि स्प्रिंग थकली होती. दिवसभर जड काम झाले, प्रवाह जास्त वाहिला, की ते कधीमधी एकमेकांना चिकटून बसत. आजच्या आल्टर्नेटरमध्ये डायोड असतात. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून तिथे ही पहारेकरीण लागत नाही.

"पण मग गॅरेजवाल्याला कसं दिसलं नाही?" मी विचारले.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पेटीवर हलकेच टिचकी मारली. 'टिक' असा आवाज झाला आणि पॉइंट सुटले. "बॉनेट दाणकन उघडलं असेल," ते म्हणाले. "चोर असा पळून जातो."

आणखी एक गोष्ट त्यांनी शोधली. चालकासमोरच्या फळीवर एक अँपिअरचा काटा असतो. वीज बॅटरीत येते आहे की बाहेर जाते आहे, ते तो सांगतो. आमचा काटा पुष्कळ वर्षांपूर्वी जळला होता, आणि दादांनी त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून काम भागवले होते. काटा असता तर पहिल्याच रात्री तो उणेकडे झुकलेला दिसला असता. उतार होता, त्यामुळे काट्याची गरज कुणाला भासली नाही.

मिस्त्रींनी कल्याणहून एक चांगली पेटी मिळवून बसवली, नवा काटा लावला, आणि शेवटी डायनॅमोच्या चुंबकाच्या तारेला बॅटरीचा क्षणभर स्पर्श केला. "ह्याला ओळख करून द्यावी लागते," ते म्हणाले. इंजिन चालू केले, आणि काटा मधून उठून अधिकच्या बाजूला गेला. मळणी दोन दिवसांत आटोपली.

मी ठाकूरवाडीत गेलो. मुलगा तिथे नव्हता. दिवाळी होताच पाड्यातली पुष्कळशी घरे वीटभट्टीवर जातात, तशी त्याच्या घरचीही गेली होती. राहिलेल्या एका म्हातारीने पडघ्याकडल्या एका भट्टीचा पत्ता सांगितला. चार दिवस मी जायचे टाळले. पत्र लिहावे, पैसे कुणाबरोबर पाठवावे, असे मनात येई. दिवे नाहीत, हे दोन शब्द मला चाळीस वर्षांच्या भाषणांपेक्षा जड वाटत होते. पाचव्या दिवशी गेलो.

भट्टीवर तो मालकाचा ट्रॅक्टर हाकत होता. मला पाहून त्याने इंजिन बंद केले आणि खाली उतरला. मी पाठ करून आणलेले सारे विसरलो आणि एवढेच म्हणालो, "तुझं खरं होतं. डायनॅमोच होता. मी तुझं ऐकलं नाही. चूक माझी झाली."

त्याने विचारले, "पॉइंट चिकटत व्हते का?"

मी हो म्हणालो. मिस्त्रींनी काय काय केले ते त्याने मला सगळे सांगायला लावले. ठिणगी तिसऱ्यांदा उडाली, टिचकी मारल्यावर पॉइंट सुटले, हे ऐकताना त्याचे डोळे चमकले. मग तो हळूच म्हणाला, "मी सांगितलं व्हतं गुरुजी."

"होय. सांगितलं होतंस."

याहून अधिक तो काही बोलला नाही. मी पैसे पुढे केले. ते त्याने न मोजता खिशात घातले. तू परत ये, असे म्हणायचे माझ्या ओठांवर आले होते. पण ते मागण्याचा हक्क मी आषाढात घालवून बसलो होतो. म्हणून तेवढे न बोलताच मी परत फिरलो.

या वर्षी ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी तो अंगणात उभा होता. कुणी काही विचारले नाही. त्याने बॉनेट हलकेच उघडले, नवी पेटी पाहिली, काटा पाहिला आणि चावी फिरवली. इंजिन लगेच लागले. संध्याकाळी काम संपवून त्याने ट्रॅक्टर आणला तो उतारावर, आंब्याखालीच, आणि चाकाखाली दगड सारला.

"आता सपाटीवर लावला तरी चालेल की," मी म्हणालो.

"असू द्या," तो म्हणाला. "दादांची जागा हाय."

तेव्हापासून आमचा दोघांचा एक नेम झाला आहे. तो जाताना काटा पाहून जातो. मी रात्री जेवून उठलो, की हात धुऊन अंगणात जातो आणि अंधारात चाचपडत आत हात घालून डायनॅमोला लावून पाहतो. तो गार असतो.